दोन्हीकडचं रक्त

मंडईच्या दिवशी सकाळीच पोचूमामाची बैलांची रेंगी अंगणात सुटली आणि तिच्यातून त्याची पोरगी कमळा खाली उतरली, तेव्हा वच्छलेला जे कळायचं ते कळलं. पोरीच्या अंगावर कोरं लुगडं, केसांना चपचपीत तेल, आणि नजर जमिनीला खिळलेली. मंडईच्या जत्रेला पाहुणे येतातच. दिवाळी सरली, हलकं धान निघालं की हिवरघाटात गावोगावचे सोयरे जमतात, दंडारीचा नाच-खेळ होतो, दुकानं लागतात. पण मंडई पाहायला आलेली पोरगी अशी उतरत नाही.

सासूने, सुगंधाबाईने, भाचीचा हात धरला आणि तिला सरळ आतल्या खोलीत नेलं. जाता जाता सुनेला म्हणाली, "शिंगाडे उकडाले ठेव. मामा लांबून आला."

वच्छलेने चुलीवर गंज चढवला. तिचे दोन पोरगे वैनगंगेच्या काठावर मातीत निजले होते. एक रांगता गेला, दुसरा बोलायला लागता लागता. दोघांची तऱ्हा एकच. आधी हातापायांची बोटं सुजायची, मग हाडं ठणकायची, डोळे हळदीसारखे पिवळे व्हायचे, आणि एखादा ताप यायचा तो घेऊनच जायचा. मधली मैना तेवढी उरली होती, सहा वर्षांची, काटकुळी. तिच्या पोटावर डागण्यांचे वण होते. मागल्या उन्हाळ्यात सासू पुन्हा तापलेला विळा घेऊन आली, तेव्हा वच्छला मधे उभी राहिली होती. "आधी मले डागा," म्हणाली होती. त्या दिवसापासून सासू-सुनेत कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

कालही मैनेचे पाय असेच ठणकत होते. तिला खांद्यावर घेऊन वच्छला शाळेच्या पडवीत गेली. तिथे नागपूरहून आलेल्या डॉक्टर बोकाऱ्याने मेज मांडलं होतं. मंडईला दहा गावं एका जागी भेटतात म्हणून तो मुद्दाम या दिवसांत आला होता. लोक हिवतापाच्या गोळ्या घ्यायचे आणि सुई दिसली की पळायचे. वच्छला पळाली नाही. डॉक्टरने लेकीचं बोट टोचलं, मायचं टोचलं, काचेवर थेंब घेतला, त्यात गंधकासारख्या वासाचं औषध मिसळलं आणि थोड्या वेळाने तिलाच बारकं मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं.

"रक्तातले कण गोल असायला हवेत," तो म्हणाला. "तुझ्या पोरीचे बघ कसे झालेत."

ते विळ्यासारखे झाले होते. वाकडे, टोकदार, एकमेकांत अडकलेले. वच्छलेच्या थेंबातही तसेच होते.

"म्हंजे माह्यानंच झालं?"

"एकट्या आईमुळे हा आजार होत नाही. एक वाटा आईचा, एक वाटा बापाचा. दोन वाटे एकाच लेकराला मिळाले तरच ते असं दुखतं. एकच वाटा असला तर रक्त फक्त या औषधाने वाकडं होतं, माणूस धडधाकट असतो, तुझ्यासारखा."

"औषध?"

डॉक्टरने मान हलवली. "अजून नाही. पाणी भरपूर पाज, थंडीत ऊब दे, हिवतापाची गोळी चुकवू नको. तेच आम्ही शोधतोय, म्हणून तर एकाएका घराचं सगळं रक्त मागतो."

औषध नाही हे ऐकून ती खचायला हवी होती. पण घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत राहिली, बापाचाही एक वाटा. इतकी वर्षं तिने पायगुण ऐकला होता, बाधा ऐकली होती, लेकरं खाणारी ऐकलं होतं. संध्याकाळी तिने नवऱ्याला, लटारूला, सगळं सांगितलं. त्याने पाठ फिरवली. "उद्या पाहू," म्हणाला.

आणि उद्या उजाडला तो हा असा.

ओसरीवर बैठक बसली होती. सासरा उमाजी खाटेवर, पोचूमामा घोंगडीवर, आणि लटारू खांबाला टेकून, फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन. उमाजीने एके काळी पुरात डोंगा वल्हवून माणसं काढली होती. आता गुडघे गेले होते, आवाज गेला नव्हता.

"माघात लटारू-कमळीचं लगन उरकून टाकू," पोचूमामा म्हणत होता. "घरचीच पोरगी हाये. थोरलीले कोनी हाकलून नाई राह्यलं. ते राहीन एका अंगाले, खाईन-पिईन."

"सरकारनं कायदा केला म्हनते," उमाजी म्हणाला. "दोन बायका नाई करता येत."

"कायदा चांद्याच्या कचेरीत राह्यते, भाऊजी. इथपर्यंत येता येता त्याले वाटेत वाघ खाते!"

दोघे हसले. वच्छलेने शिंगाड्यांची परात त्यांच्यापुढे ठेवली. ठेवून ती आत गेली नाही.

"बाबाजी, मले बोलाचं हाये."

"बायायचं काम नाई इथी," पोचूमामा म्हणाला.

"माह्यावर सवत आनून राह्यले, अन् माहंच काम नाई?"

उमाजीने हात वर केला. "बोलू दे. बोल व."

तिने लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि काल जे ऐकलं ते सांगायला सुरुवात केली. "माह्या रक्तात खोट हाये," असं तिने म्हणताच पोचूमामाने मांडीवर थाप मारली.

"आयका! सोताच्या तोंडानं म्हनते!"

"पुरं आयका, मामाजी. मायचा एक वाटा, बापाचा एक वाटा. दोन्ही भेटले तवाच लेकरू दुखते. माह्या रक्तात हाये, तं ह्यायच्या रक्तातबी हायेच."

जाळ्यातली सुई थांबली. लटारूने मान वर केली नाही.

आतून सुगंधाबाई आली. "काय म्हन्ली? माह्या पोराच्या रक्तात खोट? तो पुरात डोंगा घालते, जलमात कधी तापानं निजला नाई!"

"मी तरी कधी निजली, आत्याबाई? बाळंतपनातून उठली का शिंगाड्याच्या तळ्यात उतरली. एकच वाटा असला का मानूस असंच धडधाकट दिसते. डॉक्टरनं सांगतलं."

"डॉक्टरनं सांगतलं! लोकायचं रक्त नेते अन् नागपुरात इकते तो. सारं गाव म्हनते."

"मंग तुमीच पाहून घ्या ना. ह्यायचं बोट पुढे करा. गोल निघालं तं मीच सवतीले ओवाळून घरात घेईन."

हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. तोंडून निघून गेलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. लटारू अजूनही जाळ्याकडेच बघत होता.

"डॉक्टर आपल्या घरी येईन?" उमाजीने विचारलं.

"आनीन मी," वच्छला म्हणाली आणि पायात काही न घालता निघाली.

शाळेच्या पडवीत डॉक्टर बोकारे काचा पुसत बसला होता. "नवऱ्याला इकडेच पाठव," तो म्हणाला. "घरोघर फिरलो तर माझं काम कधी होणार? आणि बाई, मी संशोधनाला आलोय. तुमच्या घरची भांडणं मिटवायला नाही."

"भांडन नका मिटवू. मले जे सांगतलं तेच त्यायले सांगा. एका घरच्या साऱ्यायचं रक्त पाहिजेन म्हनून काल तुमी लोकायच्या हातापाया पडून राह्यले होते. माह्या घरी आज सासू-सासरे हायेत, नवरा हाये, मामा हाये, मामाची पोरगी हाये. असं घर तुमाले जिल्ह्यात भेटनार नाई. पन आधी खरं बोला, मंग रक्त घ्या."

"आणि मी खरं बोललो, आणि ते तुझ्याच विरुद्ध गेलं तर?"

"गेलं तं गेलं. आताबी कोनतं माह्या बाजूनं हाये?"

डॉक्टर तरुण होता. डोक्यात रस्त्याची धूळ, हाताला डास चावल्याच्या पुळ्या. तिच्याकडे क्षणभर पाहून त्याने दुर्बिणीची पेटी स्वतःच उचलली.

अंगणात उखळी पालथी घालून तिच्यावर दुर्बीण ठेवली. खालच्या आरशात उन्हाचा कवडसा धरला. तोवर कुंपणापाशी अर्धा मोहल्ला गोळा झाला होता. तिकडे मंडईच्या मैदानात ढोलकीवर थाप पडली होती, पण कोणी हलत नव्हतं. डॉक्टरने पुन्हा सगळं समजावून सांगितलं, दोन वाटे, गोल कण, वाकडे कण. मग सुई हातात घेतली.

"आधी कोण?"

कोणीच पुढे झालं नाही. वच्छला नवऱ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर ते मागणं झालं असतं, आणि मागून मागून ती थकली होती.

दारातून मैना म्हणाली, "बाबा, जास्ती दुखत नाई. मुंगी चावल्यावानी होते."

लटारूने जाळं बाजूला ठेवलं. उठला, उखळीपाशी येऊन उकिडवा बसला आणि बोट पुढे केलं.

थेंब, औषध, वर पातळ काच. मग नुसतं थांबणं. पोचूमामा शिंगाडे सोलत होता, पण खात नव्हता. अखेर डॉक्टरने दुर्बिणीला डोळा लावला, नळी किंचित फिरवली.

"आहे. एक वाटा याच्यातही आहे."

"खोटं बोलते!" सुगंधाबाई पुढे आली. "मी पाहीन."

डॉक्टर बाजूला झाला. ती वाकली. एक डोळा मिटायला तिला जमेना, तेव्हा वच्छलेनेच मागून हाताने तिचा डोळा झाकला. सुगंधाबाई कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली.

"इळे हायेत," ती हळूच म्हणाली. "साऱ्या रक्तात इळेच इळे."

"माहं पाहा आता," उमाजीने खाटेवरून हात लांबवला. त्याचं रक्त गोल निघालं. डॉक्टरने तसं सांगताच सगळ्यांच्या माना सुगंधाबाईकडे वळल्या. ती कोणाची वाट न पाहता डॉक्टरसमोर बसली. "घे," म्हणाली, जणू बोट नाही, अख्खा हातच देत होती.

तिच्या थेंबात विळे होते.

उमाजी खाटेवर ताठ झाला. "म्हंजे तुह्या माहेरातून आलं हे! जलमभर सुनेचा पायगुन, सुनेचा पायगुन करून राह्यली, अन् माह्या नातवायले खाऊन राह्यली तू!"

सुगंधाबाईने खांब धरला. या घरात तिची मान खाली गेलेली वच्छलेने कधी पाहिली नव्हती. किती वेळा मनात आलं होतं की एक दिवस असा यावा, सगळ्यांसमोर, असाच. तो आला होता, आणि तो तिला अजिबात गोड लागत नव्हता. सासूने धरलेला तोच खांब वच्छलेनेही कितीदा धरला होता.

"पुरे झालं, बाबाजी," ती म्हणाली. "कालपर्यंत मी होती, आजपासून आत्याबाई. एकीच्या डोक्यावरून काढून दुसरीच्या डोक्यावर ठेवाले नाई आनलं मी डॉक्टरले. आत्याबाईनं काय बजारातून आनलं हे रक्त? बापानं देल्लं का मायनं, त्यायले कोनं देल्लं, कोनाले ठाव हाये? अन् त्यायच्या एकल्या वाट्यानं काईच नसतं झालं. माहाबी वाटा होता."

"खरं आहे," डॉक्टर म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला. "यात कोणाचा दोष नाही. उलट काही जाणकार म्हणतात की एकच वाटा असला तर हिवतापाशी झुंजायला बळ मिळतं. या जंगलात तुमच्या घराण्याची माणसं टिकली ती कदाचित त्यामुळेच. पक्कं ठरलेलं नाही, तपासतोय."

उमाजीने तोंड भिंतीकडे केलं.

पोचूमामा बैलांकडे निघाला होता. "चाल कमळे. आमच्या घरात असं काई नाई. बहीन देल्ली त्याची हे फळं!"

कमळा दारातच उभी होती. ती हलली नाही. "बाबा, माहं पाहू द्या."

"गुमान बैस रेंगीत!"

"माहं लगन ठरवून राह्यले ना तुमी? मंग माहं रक्त माह्यासमोरच पाहू द्या." आणि बाप अंगणाच्या मधोमध उभा असताना ती डॉक्टरपुढे जाऊन बसली.

या वेळी डॉक्टर जास्त वेळ दुर्बिणीत पाहत राहिला. काच सरकवून पुन्हा पाहिलं. "हिचे कण गोल आहेत," तो म्हणाला. "सगळे."

पोचूमामाच्या तोंडावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. बैलाचा कासरा त्याने तिथेच टाकला. "आयकलं का? गोल! मंग अडलं कुठी? डॉक्टर, सांगा तुमीच. माह्या कमळीच्या लेकरायले होईन का हे दुखनं?"

डॉक्टरने वच्छलेकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, सरळ. तिनेच त्याला खरं बोलायला आणलं होतं.

"नाही होणार," तो म्हणाला. "फार तर एक वाटा जाईल. आजार होणार नाही."

कुंपणापाशी कुजबुज उठली. उमाजीचं तोंड पुन्हा या बाजूला वळलं. वच्छलेला वाटलं, पायाखालची माती ओली होऊन सरकतेय. जी दुर्बीण तिने हाताने घरी आणली ती तिच्यावरच उलटली होती. आतून मैना "माय" म्हणाली, नुसतंच, काही मागायला नाही. वच्छला वळून पोचूमामासमोर उभी राहिली.

"हाव," ती म्हणाली. "कमळीचं रक्त साफ हाये. चांगलं झालं. तिच्या लेकरायची बोटं सुजनार नाई, तिले कोनी लेकरं खानारी म्हननार नाई. मंग मामाजी, एवढी साफ पोरगी सवतीवर काऊन देता? तिच्यासाठी चांगलं घर पाहा, मोकळं. मी इथी हाये. माहं लगन ह्या घरात लागलं, माही दोन लेकरं ह्या घरानं नदीवर नेली, अन् माही एक पोरगी आत बसली हाये. मी एका अंगाले राहनार नाई. दुसरी आनाल तं मी रोज ह्याच अंगनात उभी राहीन अन् येनाऱ्या-जानाऱ्याले सांगीन का इथी एक लेकरू जितं असून त्याले मेलेल्यात मोजते."

"आयका, धमकी देते!" पोचूमामा ओरडला. "बाई, तू काऊन गप्प? तूच तं बलावलं मले!"

सुगंधाबाई खांबापासून सुटली. चालत आली ती भावापुढे उभी राहिली.

"हाव, मीच बलावलं. तुले ठाव हाये पोचू, लटारूच्या आधीचीबी लेकरं देवीच्या रोगानं गेलती माही. तवा ह्यायच्या मायनं दुसरी पोरगी पाहून ठेवलीच होती. मंग लटारू जगला, अन् मी सुटली. पोरगा जगला म्हनून सुटली." तिने नाक पदराने पुसलं. "हिचं बी एक जगलं. पोरगी हाये म्हनून आपन मोजतच नाई. मीच नाई मोजलं. कमळीले घेऊन जा. मंडई पाहा, जेव, अन् मंग घेऊन जा. माह्या घरात दुसरी येनार नाई."

"लटारू काय म्हनते?" उमाजीने विचारलं. सबंध सकाळभर हे कोणीच विचारलं नव्हतं.

लटारूने बोटावरचं वाळलेलं रक्त अंगठ्याने खरवडलं. बोलायची सवय नसलेल्या माणसासारखा तो आधी घसाच साफ करत राहिला.

"काल हिनं मले सांगतलं तवाच मले समजलं होतं," तो म्हणाला. "म्हनूनच पाठ फिरवली. आता नाई फिरवत. जे माह्या रक्तात हाये ते माहंच हाये. पोरगीबी माहीच." तो आत गेला आणि मैनेला काखेत उचलून बाहेर घेऊन आला. "मंडईत नेतो हिले. खूप दिवसायची म्हनून राह्यली होती."

दुखणाईत लेकराला गर्दीत न्यायचं नाही, दृष्ट लागते, लोक बोलतात, असा या घराचा रिवाज होता. सुगंधाबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. मग आतून पोरीची वाकळ आणून लटारूच्या खांद्यावर टाकली. "वारा हाये मैदानात," एवढंच म्हणाली.

पोचूमामा रेंगीच्या जुवावर बसून राहिला, रागाने लाल. कमळा मात्र परातीतले शिंगाडे ओच्यात घेऊन लटारूच्या मागे निघून गेली.

डॉक्टर काचा पेटीत ठेवत होता. एकेका काचेवर तो खूण करत होता, अगदी जपून. वच्छला त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.

"मी आज तुझं काम बिघडवलंच होतं," तो म्हणाला.

"तुमी खरं बोल्ले. मीच म्हन्लं होतं तसं." तिने पेटीकडे बोट दाखवलं. "हे नागपुराले नेसान?"

"हो. तिथे आणखी तपासणार."

"मंग पुढच्या मंडईले या. औषध भेटलं तं घेऊन या."

"बाई, इतक्या लवकर..." तो अडखळला. "कदाचित माझ्या हयातीतही मिळणार नाही."

"नाई भेटलं तरी या. ह्याच अंगनात उभे राहून सांगा का अजून नाई भेटलं. आमच्या घरच्या साऱ्यायचं रक्त तुमी नेऊन राह्यले, डॉक्टर. ते नेऊन गप्प नाई बसता येनार तुमाले."

डॉक्टरने पेटीचं झाकण लावलं. मग त्याने, जसं वडीलधाऱ्या बाईला करतात तसा, हात जोडून नमस्कार केला. "येईन," म्हणाला.

वच्छलेने पदर सोडून डोक्यावर घेतला. सुगंधाबाई दाराशी थांबली होती, एक पाऊल घरात, एक बाहेर, जायचं की नाही ते तिचं ठरत नव्हतं.

"चाला, आत्याबाई," वच्छला म्हणाली. "लोक पाहातच हायेत. पाहू द्या त्यायले."

आणि दोघी मंडईच्या वाटेला लागल्या.